झाडाची पुढची बाजू

झाडाला पुढची बाजू असते हे मला बोन्साय शिकायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. माणसाला असते, घराला असते, मूर्तीला असते, पण झाड म्हटलं की आपण ज्या बाजूने जाऊ ती त्याची बाजू असंच धरून चालले होते. क्लासच्या पहिल्या दिवशी मॅडमनी फिरत्या पाटावर एक कुंडी ठेवली आणि म्हणाल्या, हे झाड कुठून बघायचं ते आधी ठरवा, मग कात्री हातात घ्या. आम्ही आठजणी होतो आणि आठजणींनी पाट आठ ठिकाणी थांबवला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली, बरीच झाडं हाताखालून गेली, काही जगली, काही नाही. पण हा पुढच्या बाजूचा प्रश्न मला खरा पडला तो आत्याच्या ज्युनिपरपाशी, म्हणजे देवदार-सुरूसारख्या एका सदाहरित झाडापाशी.

आत्याचा बंगला पुण्यात, प्रभात रोडच्या एका गल्लीत होता. 1978 मध्ये बांधला, आणि त्या काळात बंगला बांधला की दारात एखादं ख्रिसमस ट्री नाहीतर ज्युनिपर लावायची पद्धतच होती. काकांनी एम्प्रेस गार्डनच्या नर्सरीतून हातभर उंचीचे दोन ज्युनिपर आणले. एक पहिल्याच पावसाळ्यात गेला. दुसरा लागला, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या वाफ्यात. वाफा म्हणजे एक लांबट पट्टी, तिच्या एका अंगाला स्वयंपाकघराची खिडकी आणि मागचं दार, दुसऱ्या अंगाला गेटपासून आत येणारी वाट. त्यामुळे बंगल्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते झाड वाटेवरून दिसायचं आणि आत्याला खिडकीतून. एकच झाड, पण चाळीस वर्षं दोन बाजूंनी बघितलेलं. हे मला तेव्हा कुठे कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आतेभाऊ, म्हणजे दादा, त्याच वाफ्यात किल्ला करायचो. विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल थापायचा, त्यावर अळीव पेरायचे, मग चार दिवसांत डोंगर हिरवा. 1985 च्या दिवाळीत दादाच्या डोक्यात आलं की किल्ल्याच्या मागे घाटातलं जंगल पाहिजे. ज्युनिपरची अगदी खालची फांदी आडवी जात होती, ती त्याने खाली ओढली, मी धरून ठेवली, आणि बेलच्या जुन्या वायरने आम्ही ती एका विटेला बांधून टाकली. जंगल झकास झालं. महाराज सिंहासनावर बसले, मावळे पहाऱ्यावर उभे राहिले, भाऊबीज झाली, सुट्टी संपली, किल्ला मोडला. वायर सोडायची राहिली. ती कधी कोणी सोडली मला आठवत नाही, पण फांदी परत वर गेली नाही, आणि जिथे वायर होती तिथे तिच्या सालीत एक खाच राहिली जी आजही बोटाला लागते.

2018 च्या शेवटी बंगला रिडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं. काका जाऊन सात वर्षं झाली होती, दादा बंगलोरला, आत्या एकटी, जिन्याचा त्रास, गच्ची गळत होती. म्हणजे देण्यात चुकीचं काही नव्हतं. सामानाच्या याद्या झाल्या, कोणतं कपाट कोणाकडे, पितळेची भांडी कोणाला, काकांच्या पुस्तकांचं काय. आत्या सगळ्याला हो म्हणत होती. शेवटी सगळे उठताना तिने विचारलं, "आणि खिडकीसमोरच्याचं काय?"

मी म्हटलं, मी नेते.

म्हटलं खरं, पण त्या रात्री झोप लागली नाही. जमिनीत चाळीस वर्षं मुरलेलं झाड उपटून कुंडीत आणायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. जपानीत डोंगरातून काढून आणलेल्या झाडाला यामादोरी म्हणतात. तिकडे शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरातून, इतोइगावाकडच्या कड्यांवरून, दोराला लटकून लोकांनी शिंपाकु जातीचे ज्युनिपर काढले, त्यात जीव गेलेलेही आहेत, आणि आता तिथे कड्यांवर तशी जुनी झाडं जवळपास उरलेली नाहीत. आपल्याकडे सह्याद्रीत ज्युनिपर आपोआप उगवत नाही. हिमालयात उगवतो. लेहला गेलो होतो तेव्हा हेमिस शुक्पाचन नावाच्या गावात मुक्काम होता, शुक्पा म्हणजे तिकडच्या भाषेत ज्युनिपर, गावाचं नावच त्याच्यावरून. तिथली जुनी झाडं पवित्र मानतात, गोंपामध्ये, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, त्याच्या डहाळ्यांचा धूप जाळतात. पिळवटलेलं राखाडी खोड, त्यावर बोटभर रुंदीची जिवंत साल, आणि टोकाला हिरवागार झुबका. मी एका झाडासमोर बराच वेळ उभी राहिले होते. तशा ठिकाणचं झाड खणून आणणं मला कधीच पटणार नाही, कितीही देखणं असो, ते तिथल्या लोकांचं आणि त्या डोंगराचं आहे. पण बुलडोझर यायच्या आधी वाफ्यातलं झाड वाचवणं ही वेगळी गोष्ट होती. त्यातही शहरातलं झाड हलवायचं तर 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, अगदी स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. प्लॉटवरच्या इतर झाडांच्या अर्जात याचंही नाव घातलं, ती मिळाली.

जानेवारी 2019 मध्ये झाडाभोवती चर खणला, पूर्ण गोल नाही, अर्धाच, बुंध्यापासून दीड फुटावर, कापलेल्या मुळांच्या टोकांना नवीन बारीक मुळं फुटावीत म्हणून. चरात जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. उरलेला अर्धा मार्चमध्ये. आत्या रोज खिडकीतून बघायची. मी आले की रिपोर्ट द्यायची, आज बुलबुल येऊन बसला, आज पाणी जास्त पडलं वाटतं, आज टोकं चमकतायत.

खणताना एक गोष्ट लक्षात आली होती, तिचा अर्थ नंतर कळला. स्वयंपाकघराच्या बाजूला फावडं सरळ आत जात होतं, माती काळी, भुसभुशीत, आणि मुळंच मुळं, बोटासारखी, केसांसारखी, सगळी एकमेकांत गुंतलेली. वाटेच्या बाजूला मात्र चार इंचांवर पहार वाजायला लागली. काकांनी 1989 मध्ये गाडी घेतली तेव्हा वाटेवर कोबा केला होता आणि वाफ्याची अर्धी रुंदी त्यात गेली होती. त्याच्या खाली माती दगडासारखी, आणि मुळं होती ती काळी पडलेली, ओढली की साल हातात यायची.

जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, झाड काढलं. मी, माझा नवरा, दोन माळी आणि ऐनवेळी मदतीला आलेला समोरचा वॉचमन. मुळांचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधला. ज्युनिपरची मुळं धुऊन कधी उघडी करायची नसतात, जुनी माती थोडी तरी राहू द्यायची, त्या मातीत त्याच्या मुळांना चिकटून राहणारी बुरशी असते आणि ती त्याच्या कामाची असते. टिंबर मार्केटमधून पॅकिंगच्या फळ्या आणून आधीच एक खोका करून ठेवला होता, त्यात विटांचे चाळलेले तुकडे, बारीक खडी आणि थोडं खत. झाड टेंपोत चढवताना आत्या मागच्या दाराच्या पायरीवर उभी होती. वाफ्यात खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यात पाणी साठायला लागलं होतं. ती त्या पाण्याकडे बघत होती, टेंपोकडे नाही.

ज्युनिपर मेला तरी कळत नाही. दुसरं कुठलंही झाड दगावलं की आठवड्यात पानं टाकतं, मान टाकतं, काहीतरी सांगतं. हा मुळं मेलेली असताना दोन-दोन महिने हिरवा दिसतो आणि मग एक दिवस जवळून बघितलं की रंग जरा मातकट वाटतो, तेव्हा सगळं संपलेलं असतं. त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर मी रोज सकाळी चहाच्या आधी गच्चीवर जाऊन त्याच्या टोकांना हात लावायचे. वर शेडनेट, दिवसातून तीन-चारदा पानांवर पाण्याचा फवारा, मुळाशी मात्र बेताने. एक फांदी कापायची नाही, एक वायर लावायची नाही. ज्युनिपरची सगळी शक्ती पानांत असते, आणि मुळं कापलेल्या झाडाची पानंही कापली तर ते उभं राहणार कशावर?

नोव्हेंबरमध्ये त्याने नवीन फूट काढली, पण ती काटेरी. मोठ्या ज्युनिपरची पानं खवल्यासारखी असतात, मऊ, दोरीसारखी वळलेली. झाडाला धक्का बसला की ते लहानपणीची पानं काढतं, सुईसारखी, टोचणारी. आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजारी माणूस नाही का चिडचिड करत." मला ते अगदी पटलं. सव्वा वर्ष तो टोचत होता.

मधे लॉकडाऊन आला. गच्ची होती म्हणून आम्ही सगळेच तगलो, झाडं पण आणि माणसं पण. 2021 च्या एप्रिलमध्ये, पारा अडतीसच्या पुढे गेला तेव्हा, झाडाचा रंग एकाएकी उतरला. हिरव्यावर कोणीतरी राखाडी धूळ शिंपडल्यासारखा. मी पांढरा कागद फांदीखाली धरला, फांदीवर दोन टिचक्या मारल्या, कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडले, आणि मग ते ठिपके चालायला लागले. लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात आपल्याकडे ज्युनिपरला हाच मोठा शत्रू. पंधरा दिवस रोज पाइपाने खालून वर जोरात पाणी मारलं, पानांच्या आतल्या बाजूला, जिथे ते बसतात तिथे. जून लागला, पाऊस आला, झाड वाचलं. पण चूक माझी होती, मार्चमध्येच कागद धरायला हवा होता, आता दर आठवड्याला धरते.

या सगळ्या काळात घरी येणारे लोक एक प्रश्न विचारायचे, काही हळू आवाजात, काही सरळ. झाडाचे असे हाल का करता? वामनवृक्ष घरात असू नये, वाढ खुंटते म्हणतात. मी त्यावर चिडत नाही, कारण हा प्रश्न मला पण पडलेला आहे. वायरने फांद्या वळवणं, मुळं कापणं, हे झाडाला काय वाटत असेल ते मी सांगू शकत नाही. एवढं सांगू शकते की उपाशी, तहानलेलं झाड बोन्साय होत नाही, ते फक्त मरतं. ज्याला वळवायचं ते आधी जोमात असावं लागतं. आणि कुंडीतल्या झाडाला रोज कोणीतरी लागतं, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, लग्न असो, आजारपण असो. सतरा वर्षांत मी आणि माझा नवरा एकत्र चार दिवसांच्या वर गावाला गेलेलो नाही. त्याला याचं काही वाटत नाही असं नाही, पण तो म्हणतो, ठीक आहे, घेतलंय ना अंगावर. तेवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

जानेवारी 2022. मॅडम म्हणाल्या, आता जोमात आहे, आता करूया.

रविवारी सकाळी सात वाजता झाड फिरत्या पाटावर चढवलं. त्याआधी आठवडाभर मी तयारी करत होते. तपकीर गल्लीतून तांब्याची वायर आणली होती, पाच जाडीची, ती गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार केली की मऊ पडते, आणि फांदीवर वळवली की वळवण्यानेच पुन्हा ताठ होते, म्हणून तांबं हाताळायचं ते एकदाच, दुसऱ्यांदा सरळ करायला गेलं की फांदी दुखावते. वायर फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, आणि फेरे पंचेचाळीस अंशात. जाड फांद्यांसाठी मंडईतून केळीचं सोपट आणलं होतं, फुलवाले हार बांधायला वापरतात तेच. ते भिजवून फांदीभोवती घट्ट गुंडाळलं की वळवताना साल फुटत नाही.

पण वायरच्या आधी चाकू. वाटेच्या बाजूला खोडावर एक पट्टा होता जिथे साल सुकून, सुटून आलेली होती. मॅडमनी मला तिथे सावकाश खरवडायला सांगितलं, कडेकडेने, जिवंत साल कुठे सुरू होते ते शोधत. चाकूचं पातं आडवं धरून मी खरवडत गेले. मेलेली साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी उडत होती, खाली तांबूस लाकूड, आणि वास. पेन्सिलीचा वास. आत्या बाजूला खुर्चीत बसली होती, आमच्या इथे मुक्कामालाच होती तेव्हा, तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "शाळेत पेन्सिलीला टोक करतानाचा." तिचं बरोबर होतं, पेन्सिलींसाठी जे लाकूड पूर्वी नावाजलेलं होतं ते ज्युनिपरचंच, अमेरिकेतल्या एका जातीचं. मी तिला एक ढलपी दिली. ती तिने रुमालात बांधून ठेवली.

खरवडत खरवडत कडेला आले तर पातं एकदम अडलं, मऊ लागलं, आणि लाकडाच्या कडेला एक ओली हिरवट रेघ दिसली. जिवंत साल. तिथून पुढे हात लावायचा नाही. मग मी कुंचल्याने सगळा भुसा झटकला आणि आम्ही तिघीजणी बघत राहिलो. खोडाचा वाटेकडचा जवळजवळ अर्धा भाग मेलेला होता, बुंध्यापासून दोन फुटांपर्यंत, किंचित पीळ घेत वर गेलेला. आणि त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघराकडच्या बाजूला, एकच जाडजूड जिवंत शीर, मनगटाएवढी फुगलेली, लालसर सालीची.

वड-उंबराचं एका बाजूचं मूळ तोडलं तरी बाकीची मुळं सगळ्या झाडाला सांभाळून घेतात. ज्युनिपरचं तसं नाही. त्याचं एकेक मूळ ठरलेल्या फांद्यांनाच पाणी पोचवतं, खोडातून वर जाणारी वाट ठरलेली असते. ते मूळ मेलं की तेवढ्याच पट्ट्यातली साल मरते, लाकूड उघडं पडतं, आणि बाकीचं झाड उरलेल्या शिरेवर जगत राहतं. मग ती शीर वर्षागणिक जाड होत जाते. मेलेल्या पट्ट्याला जपानीत शारी म्हणतात, वाळलेल्या फांदीच्या उरलेल्या टोकाला जिन. डोंगरात हे वीज, बर्फ, दरड करते. इथे कोब्याने केलं होतं.

आणि दुसरी बाजू जगली कशावर? मी आत्याला विचारलं, तू वाफ्यात पाणी घालायचीस का. ती म्हणाली, "वेगळं कशाला घालू, तांदळाचं धुवण टाकायचे रोज, मागच्या दारातून. डाळीचं पण. वाया कशाला घालवायचं." दोन वेळचा भात, चाळीस वर्षं. फावडं ज्या काळ्या भुसभुशीत मातीत सरळ आत गेलं होतं ती माती ही.

आता पुढची बाजू ठरवायची होती. मॅडमचं लगेच ठरलं, आणि शिकलेल्या डोळ्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. वाटेकडची बाजू. तो मेलेल्या लाकडाचा पट्टा समोर, कडेने जिवंत साल डोकावणारी, आमची किल्ल्याची फांदी डावीकडे खाली झेपावणारी. सहा फुटांच्या झाडाचा वरचा सगळा भाग कापून तिथे जिन करायचा, एका बाजूच्या फांदीला वर वळवून नवीन शेंडा करायचा. आणि शेंडा थोडा पुढे, बघणाऱ्याकडे झुकवायचा, हा बोन्सायचा नियमच आहे, झाडाने पाहुण्याकडे जरा मान लववावी.

आत्या म्हणाली, "पण मग ते माझ्याकडे पाठ करणार."

मॅडमनी समजावलं की आत्या, पाठीमागे नुसती गोल गरगरीत साल आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही, या झाडावर जे काही गुदरलंय ते सगळं या बाजूला आहे. आत्या त्यांना काही बोलली नाही, ती मोठ्यांसमोर आणि शिकलेल्यांसमोर कधीच वाद घालत नाही, मॅडम तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असल्या तरी. मला म्हणाली, "तुम्हाला कळतं त्यातलं. करा."

आम्ही केलं. दिवसभर चाललं. सोपट गुंडाळलेली फांदी शेंड्यासाठी वळवताना एकदा बारीक कट्ट असा आवाज आला आणि माझ्या हाताला घाम फुटला, पण तंतू नुसते ताणले गेले होते, तुटले नव्हते. मॅडमनी तिथे माझा हात धरून थांबवलं, म्हणाल्या आज एवढंच, बाकीचं पुढच्या वर्षी. किल्ल्याच्या फांदीला वायर लागलीच नाही. तिला जे वळण पाहिजे होतं ते 1985 मध्येच मिळालेलं होतं. मॅडमनी खाचेवर अंगठा फिरवून विचारलं, इथे वायर कोणी रुतू दिली. मी सांगितलं. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाचेवर अंगठा फिरवला.

मार्चमध्ये मेलेल्या लाकडाला चुना-गंधकाचं पाणी लावलं. कुजक्या अंड्याचा वास, सगळी सोसायटी विचारत आली. लावताना पिवळंधमक दिसतं, मग उन्हाने पांढरं होत जातं, हाडासारखं. लाकूड कुजू नये म्हणून ते दर पावसाळ्याआधी लावावं लागतं, पुण्याच्या पावसात नुसतं सोडलं तर त्यावर शेवाळ धरतं.

जुलै 2023 मध्ये झाड बोन्सायच्या पसरट कुंडीत आलं आणि 2024 च्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात ठेवलं. ज्या बागेच्या नर्सरीतून काकांनी ते आणलं तिथेच. सेहेचाळीस वर्षांनी. टेबलाच्या मागे पांढरा पडदा, पुढे दोरी, म्हणजे लोकांनी एकाच बाजूने बघावं. लोक थांबत होते, फोटो काढत होते, एका लहान मुलाने आईला विचारलं की हे झाड जिवंत आहे की मेलेलं. मला खूप समाधान वाटत होतं. आत्या काठी टेकत आली, समोरून बघितलं, छान म्हणाली. मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि दोरीच्या कडेने टेबल आणि पडद्याच्या मधे शिरायला लागली. तिथल्या मुलाने तिला थांबवलं, आजी, मागून नाही, पुढून बघा. ती थांबली. परत पुढे आली.

ते मला फार लागलं. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. मला लागलं ते असं की त्या घरात काकांचे मित्र, पाहुणे, हळदीकुंकवाच्या बायका, आम्ही सगळे वाटेवरून आलो, झाडाची ती बाजू बघितली, आणि ती बाजू मरत होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्या बाजूने झाड जगत होतं ती बाजू बघणारी एकच होती. आणि आम्ही तिला मागून बघू नको म्हणत होतो.

त्यानंतर मी गच्चीवर झाड उलटं फिरवून ठेवायला लागले. आधी नुसतं ऊन सगळीकडून लागावं म्हणून फिरवायचेच, पण आता पाठ माझ्याकडे ठेवून बसायचे, चहा घेऊन. मॅडम म्हणाल्या होत्या तसं गोल गरगरीत नव्हतं ते. ती शीर बुंध्यापाशी तीन मुळांमध्ये फाकलेली होती, वर जाताना एकदा डावीकडे कलून पुन्हा सरळ झालेली, आणि वरची मोकळी सुटणारी साल कुंचल्याने काढून टाकली की खालची दालचिनीसारखी लाल, गुळगुळीत. उन्हात ती शीर आणि तिच्या कडेचं पांढरं लाकूड शेजारी शेजारी दिसायला लागलं, एका ठरावीक कोनातून. पूर्ण मागून नाही, पूर्ण पुढून पण नाही. मधूनच कुठूनतरी.

त्या कोनावर मी पाटाला खडूने खूण केली. महिनाभर येता-जाता बघितलं. मग मॅडमना बोलावलं आणि काही न सांगता झाड त्या खुणेवर ठेवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. खाली वाकून मुळं बघितली, शेंडा बघितला. म्हणाल्या, शेंडा दोन वर्षांत इकडे आणावा लागेल, किल्ल्याची फांदी थोडी मागे जाईल, आणि उजवीकडे एक फांदी मोकळी सोडावी लागेल. मग म्हणाल्या, "फ्रंट बदलतात. मोठमोठी माणसं बदलतात. मला हे दिसायला हवं होतं."

या जुलैत माती बदलायची होतीच. कुंडीतून काढलं, मुळं विंचरली, थोडी कापली, आणि परत लावताना झाड खडूच्या खुणेएवढं फिरवून लावलं. खालून वायरने कुंडीला बांधलं, विटांचे तुकडे मुळांमध्ये काडीने ठासत बसले, दोन तास. शेंड्यावर नवीन वायर आहे. आत्ता ते अर्धवट दिसतं, मान एकीकडे आणि अंग एकीकडे, दोन-तीन वर्षं असंच दिसेल.

आत्या आता तिच्या नवीन फ्लॅटमध्ये राहते, त्याच जागेवर, चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराला खिडकी आहे पण बाहेर पाइप दिसतात. झाड तिकडे न्यायचा विचार केला होता, पण तिच्या बाल्कनीत नऊनंतर ऊन येत नाही आणि ज्युनिपर उन्हाशिवाय राहणार नाही, म्हणून तीच येते, रिक्षाने, महिन्यातून एक-दोन रविवार. परवा श्रावणातल्या रविवारी आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. तिने खुर्ची ओढली, चष्मा पुसला, झाडाकडे बघितलं, पाट जरासा इकडे फिरवला, जरासा तिकडे, आणि परत होता तिथे आणून सोडला.

मग पिशवीतून पाण्याची एक जुनी बाटली काढली. आत पांढरट पाणी होतं. "सकाळचं आहे, आंबलं नाही," म्हणाली. मी कुंडीवर पसरलेलं शेवाळ एका बाजूने थोडं उचलून धरलं. ती उठली, कुंडीच्या कडेने शिरेच्या बाजूला गेली, आणि तीन मुळं जिथे फाकतात तिथे हळूहळू बाटली रिकामी केली.